आधी तोंड पाहावं, मग लगाम

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते. यात्रेसोबत घोड्यांचा बाजार भरतो. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातल्या या गावाला घोडेबाजाराची तीनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. मारवाडी, काठेवाडी, वरातीसाठी हमखास उचलला जाणारा पांढराशुभ्र नुकरा, सगळं तिथं विकायला येतं. सातपुड्यातून निघून अमरावती-अकोल्याच्या काळ्या जमिनीतून वाहणारी आपली पूर्णा चांगदेवाजवळ तापीलाच मिळते, आणि वऱ्हाडातले घोड्याचे शौकीनही हिवाळ्यात तापीची वाट धरतात. कुणी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेला जातं.

बाजारात गिऱ्हाईक काय काय पाहतं! अंगावरचे भोवरे पाहतं, कानांची टोकं जुळतात का ते पाहतं, चारही खूर उचलून पाहतं, दुडकी आणि रहवाल काढायला लावतं. ओठ वर करून दात पाहतं, पण ते वय ताडण्यापुरतं. सौदा होतो, तीन वर्षांचा वछेरा टेम्पोतून गावी येतो, दारात त्याला ओवाळलं जातं. मग चार-आठ दिवसांनी गोठ्यातल्या खुंटीवरचा लगाम काढून त्याच्या तोंडात चढवला जातो. तो लगाम आधीच्या घोड्याचा असतो. तो घोडा आठ वर्षांचा होता, रुंद तोंडाचा होता, त्याला दहा जणांनी ओढलं होतं. या वछेऱ्याच्या तोंडाचं माप कुणी घेतलेलं नसतं. त्याच्या तोंडात आत काय चाललं आहे, हेही कुणी पाहिलेलं नसतं.

हा लेख त्या राहून गेलेल्या पाहणीबद्दल आहे. लगामाचा तोंडात राहणारा धातूचा भाग, जुन्या लोकांचं कडियाळं आणि आजच्या स्वारांचं बिट, घोड्याच्या तोंडाच्या मापानं निवडायचं असतं. आपल्याकडे तो स्वाराच्या भीतीच्या मापानं निवडला जातो.

घोड्याच्या तोंडात पुढचे कातरदात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये तीन-चार बोटांची मोकळी जागा असते. ही जागा आहे म्हणून घोड्याला लगाम लावता आला. कडियाळं तिथं आडवं बसतं. पण ती जागा मोकळी दिसली तरी रिकामी नसते. खालच्या जबड्याच्या हाडाची कड तिथं निमुळती होते आणि तिच्यावर फक्त पातळ त्वचा असते. आपल्या नडगीवर काही आदळलं की जसा जीव कळवळतो, तसंच ते हाड. दोन्ही कडांच्या मधली सगळी जागा जिभेनं भरलेली असते आणि वर लगेच टाळू येतो. जर्मनीतल्या अभ्यासकांनी २००३ साली घोड्यांच्या तोंडातली ही जागा मोजली, तेव्हा बाजारातल्या जाड कडियाळ्यांना पुरेल इतकी जागा बऱ्याच तोंडांत नाही असं दिसून आलं. वाग, म्हणजे लगामाची दोरी, ओढली की पहिला दाब जिभेवर येतो, मग हाडाच्या कडेवर, मग ओठांच्या कोपऱ्यांवर. खाली दांडे असलेलं कर्ब असेल, तर हनुवटीखालची साखळी आवळते आणि कानांमागे डोक्यावरही ओढ बसते. हाताची ओढ तिथं तरफेनं वाढून पोचते. म्हणून ते शिकाऊ स्वाराच्या हातात आणि शिकाऊ घोड्याच्या तोंडात कधीच देऊ नये.

आता वयाकडे पाहा. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडी-जोडीनं पडतात. बाजारात आपण हेच पाहून वय सांगतो. त्याच काळात, अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान, पुढच्या दाढांच्या दुधाच्या टोप्या सुटत असतात. त्या कुणाला दिसत नाहीत. अर्धवट सुटलेली टोपी हिरडीत रुतते, गालाला घासते. नराचे सुळे चार ते पाच वर्षांच्या दरम्यान फुटतात, तेही त्याच मोकळ्या जागेत. शिवाय पुष्कळ घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेच्या अगदी पुढे एक बारका, बिनकामाचा दात असतो. पशुवैद्य त्याला वुल्फ टूथ म्हणतात. तो वर्षाच्या आतच फुटलेला असतो आणि कडियाळं मागे सरकलं की नेमकं त्याच्यावर आपटतं. कधी तो हिरडीखालीच दडलेला असतो. तेव्हा दिसत काही नाही, दुखतं मात्र.

म्हणजे ज्या वयात आपण वछेऱ्याला लगाम लावतो, त्याच वयात त्याचं तोंड सगळ्यात हळवं असतं. तो डोकं झटकतो, तोंड उघडतो, जीभ कडियाळ्यावरून काढतो, एकाच बाजूला वळायला नकार देतो. आपण म्हणतो, खोडील हाय, तोंडाचा कडक हाय. आणि आणखी जहाल कडियाळं आणतो.

म्हणून पहिलं काम पशुवैद्याचं. वऱ्हाडात त्याची सोय आहे. अकोल्याला महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, जिल्ह्याच्या गावी शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. लगाम लावण्याआधी वछेऱ्याचं तोंड एकदा नीट उघडून तपासून घ्यावं. वुल्फ टूथ काढायचा असेल तर गुंगीचं औषध देऊन काढतात आणि जखम भरेपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर कानशीनं घासून देतात. ही तपासणी वछेरा पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी व्हावी. नाल मारायला आपण नालबंदाला महिना-दीड महिन्यानं बोलावतो, त्यात कंजुषी करत नाही. तोंडासाठी वर्षातून दोनदा दवाखाना जड नाही.

मग माप. यासाठी काही विकत आणावं लागत नाही. वेताची गुळगुळीत घासलेली काडी किंवा मऊ प्लॅस्टिकची नळी घ्या. वछेऱ्याच्या डाव्या अंगाला उभं राहून डाव्या हाताचा अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून त्या मोकळ्या जागेत घातला की तो आपणहून तोंड उघडतो. काडी कडियाळ्याच्या जागी आडवी धरा आणि दोन्ही ओठांच्या बाहेरच्या कडांशी खूण करा. दोन खुणांमधल्या अंतरात साधारण एक सेंटिमीटर मिळवलं की कडियाळ्याची लांबी निघते, म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा सेंटिमीटर ते ओठांबाहेर राहतं. आखूड पडलं तर कडी ओठ चिमटते. लांब झालं तर ते तोंडात इकडून तिकडे सरकतं, सांधा एका बाजूला जातो आणि एकच कड घासत राहते. विलायती घोड्यांच्या मापानं आलेली साडेपाच इंची कडियाळी आपल्याकडे सर्रास लावली जातात. मारवाडी-काठेवाडी घोड्याचं तोंड निमुळतं, त्याला पुष्कळदा पाच इंच किंवा त्याहूनही कमी लागतं.

माप घेताना आणखी एक गोष्ट करावी. घोड्याचं तोंड मिटलेलं असताना त्याच मोकळ्या जागेत तर्जनी आत सरकवा आणि जीभ व टाळू मिळून बोटाला किती दाबतात ते जोखा. बोटालाच दाटीवाटी होत असेल, तर जाड कडियाळं त्या तोंडात मावणार नाही. जाड म्हणजे मऊ, हा सल्ला अर्धाच खरा आहे. बारीक कडियाळं रुततं, हे बरोबर. वेटोळी तार तर सुरीसारखी चालते. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या, नियमांत तरुण घोड्यांसाठी कडियाळ्याची जाडी किमान १४ मिलिमीटर सांगितली आहे, ती याचसाठी. पण लहान तोंडात वीस-बावीस मिलिमीटरचा दांडा कोंबला की घोड्याला ओठ मिटता येत नाहीत, जीभ चेंगरते आणि नीट गिळता येत नाही. आपल्या देशी घोड्यांना १४ ते १६ मिलिमीटर बहुधा पुरतं. लावल्यावर ओठ शांतपणे मिटले पाहिजेत, ही खरी परीक्षा.

प्रकार कोणता, यावर घोडेवाल्यांत जितकी मतं आहेत तितके प्रकार आहेत. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षासाठी गुळगुळीत, दोन सांध्यांचं साधं, बिनतरफेचं स्नॅफल घ्यावं, मधे वाटाण्याच्या आकाराची गोलसर गोटी असलेलं. एकाच सांध्याचं कडियाळं ओढलं की दुमडून जिभेला दोन्हीकडून पकडतं आणि काही तोंडांत सांध्याचं टोक टाळूकडे जातं. दोन सांध्यांचं जिभेवरून वळण घेऊन बसतं. मधे चपटी, तिरकी पट्टी असेल तर मात्र ते नको, तिची कड जिभेत घुसते. बाजूच्या कड्या सैल फिरणाऱ्या असतील तर भोकाशी ओठ चिमटला जात नाही ना ते पाहावं. पक्क्या, अंडाकृती जोडाच्या कड्या वछेऱ्याला बऱ्या, कारण कडियाळं तोंडात स्थिर राहतं. वळायला शिकवताना गालाशी उभे दांडे असलेलं फुल चीक उपयोगी पडतं. डावी वाग ओढली की उजवा दांडा गालाला टेकून वाट सांगतो आणि कडियाळं तोंडातून आडवं ओढलं जात नाही. काही घोड्यांना कुठलाच सांधा सोसत नाही. त्यांना किंचित बाकदार, अखंड दांडी मानवते.

धातूचं म्हणाल तर स्टेनलेस स्टील सरळ आणि टिकाऊ. तांब्याच्या मिश्रधातूनं पुष्कळ घोड्यांचं तोंड ओलं राहतं. निकेलचा मुलामा दिलेलं स्वस्त कडियाळं मात्र वर्षभरात सोलतं आणि सोललेली कड पात्यासारखी होते. महिन्यातून एकदा कडियाळ्यावरून, विशेषतः सांध्याच्या भोकांतून, बोट फिरवावं. बोटाला जे टोचतं ते जिभेला कापतं. चांगला माल परदेशातूनच येतो असं समजू नये. कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथला साज जगभर जातो. मागितला तर वऱ्हाडातही येतो.

पहिल्यांदा चढवताना घाई करू नये. म्होरकी तशीच ठेवून तिच्यावर वागेशिवाय नुसतं कडियाळं अडकवावं, त्याला गूळ चोळावा आणि आठ-दहा मिनिटं वछेऱ्याला चघळू द्यावं. वऱ्हाडातल्या ऋतूंचं भान इथंही लागतं. पौषातल्या पहाटे थंडगार लोखंड तोंडात गेलं की वछेरा दुसऱ्या दिवशी लगाम पाहूनच मान वर करतो. ते आधी तळहातात धरून किंवा कोमट पाण्यात बुडवून ऊबदार करावं. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. उन्हात टांगलेलं कडियाळं चटका देतं, ते पाण्यात घालूनच लावावं. उंची अशी ठेवावी की कडियाळं ओठांच्या कोपऱ्याला टेकेल आणि तिथं जेमतेम एक सुरकुती येईल. खाली लोंबलं तर सुळ्यावर आपटतं आणि जीभ वर काढायची सवय लागते. वर ताणलं तर घोडा दिवसभर ओढलेल्या ओठांनी उभा असतो. नाकपट्ट्याखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पट्टा आवळून तोंड बंद केलं तर घोडा दुखणं सांगू शकत नाही, आणि आपण समजतो की प्रश्न सुटला.

यानंतर लांब दोरीवर कावा फिरवणं, मग मागून चालत लांब वागांनी वळायला शिकवणं, आणि पाठीवर माणूस सगळ्यात शेवटी. थांबणं आणि वळणं आवाजानं व स्वाराच्या बैठकीनं शिकवावं, वागेनं फक्त आठवण द्यावी. घोडा थांबला त्या क्षणी वाग सैल सोडावी. दाब सुटला की घोड्याला कळतं, आपण बरोबर केलं. जो हात सोडत नाही, त्याच्यापुढे उत्तमातलं उत्तम कडियाळंही छळ होतं.

आता त्या वस्तूबद्दल, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. काटेरी लगाम अजून आपल्याकडे वापरात आहे. जवळून पाहा. मधल्या दांड्यावर दातेरी चकत्या किंवा दोन्ही बाजूंना लोखंडी टोकं, काही ठिकाणी कडांशीही टोकं. वाग सैल असली तरी ती जिभेला लागून असतात आणि ओढली की रुततात. देशातल्या जुन्या शस्त्रसंग्रहांत असे लगाम दिसतात. एका हातात भाला असलेल्या स्वाराला दुसऱ्या हातानं घोडा जागच्या जागी फिरवायचा असे, त्या गरजेतून ती हत्यारं निघाली. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची इंग्रज सेनापती वेलस्लीशी गाठ पडली, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. भाल्याचा तो जमाना संपून दोन शतकं झाली. आज अकोल्यात घोड्याला बँडच्या मागून मंगल कार्यालयापर्यंत चालायचं असतं.

तरी काटे टिकले, कारण भीती टिकली. वरातीत डीजेच्या भिंती असतात, फटाक्यांच्या माळा असतात, घोड्याच्या चारही बाजूंनी पोरं नाचत असतात, आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला नवरदेव. घोडी उधळली तर काय, म्हणून मालक काटे लावतो. पण घोडा दुखण्यापासून पळणारं जनावर आहे. तोंडात टोचलं की तो मान वर करतो, कडियाळं जागेवरून सुटतं, आणि काट्यांनी तो थांबण्याऐवजी भडकतो. वर्षानुवर्षं टोचलेल्या जागी वण धरतात, संवेदना मरते, मग आणखी जोर लागतो. आवाजाची भीती तोंडातून काढता येत नाही. ती कानांच्या सवयीनं जाते. चंदी खाताना लांबून ढोलाचा आवाज ऐकवावा, दर आठवड्याला थोडा जवळ आणावा, सोबत एखादा निबर घोडा बांधावा. याला दोन-तीन महिने लागतात. ज्या घोडीला ही तालीम नाही, ती वरातीत नेऊच नये.

वरातीतली आणखी एक सवय सहज बदलता येते. घोडी हाकणारा माणूस वागेला धरून, म्हणजे थेट कडियाळ्याला धरून, एका बाजूनं खाली ओढत चालतो. दोन-तीन तास तोंडाची एकच कड दाबली जाते. लगामाखाली म्होरकी ठेवावी, तिच्या दोरीनं घोडी धरावी, आणि वाग नुसती मानेवर ठेवावी. वरात थांबते तेव्हा कडियाळं काढून घोडीला पाणी दाखवावं. एका घोडीचं कडियाळं दुसरीच्या तोंडात धुतल्याशिवाय जाऊ नये, कारण घोड्यांचे काही संसर्गजन्य रोग नाकातोंडाच्या स्रावातून पसरतात.

मोठ्या शर्यतींच्या आणि स्पर्धांच्या जगात सगळं आलबेल आहे असंही नाही. फिनलंडमध्ये शर्यतीनंतर २६१ घोड्यांची तोंडं तपासली, तेव्हा ८४ टक्क्यांच्या तोंडात कडियाळ्याच्या जागी ताज्या जखमा निघाल्या. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. त्याआधी २०१८ मध्ये ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना घोडा दुखणं कसं दाखवतो, त्याच्या २४ खुणांची यादी मांडली. वारंवार तोंड उघडणं, जीभ बाहेर काढणं, कडियाळं एका बाजूला ओढलं जाणं या त्यातल्याच. आठ किंवा अधिक खुणा दिसल्या तर घोड्याला दुखत असण्याची दाट शक्यता असते. पण एवढं बारीक पाहणारेही जगात आहेत आणि आपलीच मुलं त्यांच्यात पुढे आहेत. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकलं. चौघांच्या त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. १९८२ नंतर अश्वारोहणातलं ते पहिलं सुवर्ण.

आपल्याकडेही नियम आहे आणि तो जुना आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांतला आठवा नियम काटेरी कडियाळ्याबद्दल आहे. काटे, गाठी किंवा टोकं असलेलं, जनावराला इजा करणारं कडियाळं वा साज वापरायला त्यानं मनाई केली आहे, स्वारीसाठीसुद्धा. वऱ्हाडानं असे निर्बंध दुसऱ्या जनावराबाबत स्वीकारून दाखवले आहेत. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला. तळेगाव दशासरसारख्या ठिकाणचे शंकरपट उजळ माथ्यानं भरू लागले, पण काठी, चाबूक, टोचणी बाजूला ठेवण्याच्या अटीवर. बैलाला पराणी लावायची नाही हे ज्या गावाला पटलं, त्या गावाला घोडीच्या जिभेवरचे काटेही पटवून देता येतील.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. घरी वछेरा असेल तर लगाम खुंटीवरून उतरवण्याआधी त्याचं तोंड दवाखान्यात दाखवा आणि काडीनं माप घ्या. घरी लग्न असेल तर घोडी ठरवताना भाव विचारता तसं कडियाळंही दाखवायला सांगा. ओठांच्या कोपऱ्यांत वण किंवा ओली जखम दिसली, दांड्यावर टोकं दिसली, तर दुसरी घोडी पाहा आणि कारण मालकाला तोंडावर सांगा. पैसे तुम्ही देणार आहात, म्हणून तो ऐकेल.